शामोनीचा रोपवे: आई-बाबांना एग्वी द्यु मिदीवर न्यावं का?

सोनचाफा

नमस्कार मंडळी,

आम्ही सध्या जिनिव्हात राहतो. जूनच्या शेवटी माझे आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येत आहेत. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे आणि काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली आहे. रोज सकाळी तासभर चालतात, तब्येत एरवी ठणठणीत. आईचे गुडघे कुरकुरतात. सोबत आमचा सहा वर्षांचा मुलगा असेल.

बाबांनी यायच्या आधीच एक गोष्ट सांगून ठेवली आहे, ती म्हणजे "मला माँ ब्लाँ जवळून बघायचाय." माँ ब्लाँ म्हणजे आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर. म्हणून फ्रान्समधल्या शामोनी गावाहून त्याच्या शेजारच्या एग्वी द्यु मिदी या सुळक्यावर जाणारा रोपवे घ्यायचा विचार आहे. वरची गच्ची ३८४२ मीटरवर आहे हे वाचलं आणि माझा धीर खचला. नवरा म्हणतो, काही होत नाही, लोक जातात. आई म्हणते, तुम्ही जा, मी खाली बसते.

इथे कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलं आहे का? एका दिवसात जमेल की मुक्काम करावा? तिकीट आधी काढावं का? आणि मुख्य म्हणजे, न्यावं का?

सह्यमित्र

न्या. विचार करत बसाल तर उन्हाळा संपेल.

भटकी_जमात

आम्ही सासूबाईंना नेलं होतं, त्या तेव्हा सत्तरीच्या होत्या. काहीही त्रास झाला नाही. वर कसं असतं ते सविस्तर लिहिते, म्हणजे अंदाज येईल.

रोपवे दोन टप्प्यांत आहे. शामोनी गाव १०३५ मीटरवर. तिथून पहिली केबिन प्लाँ द लेग्वी या २३१७ मीटरवरच्या पठारावर आणून सोडते. तिथे केबिन बदलायची. दुसऱ्या टप्प्यात मध्ये एकही खांब नाही, केबल थेट ३७७७ मीटरवरच्या सुळक्यावर जाते. शेवटी शेवटी केबिन जवळजवळ उभी चढते आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर काळा कातळ सरकत असतो. सगळा प्रवास चालू वेळेचा वीस मिनिटांचा, रांगेचा वेळ वेगळा. केबिनमध्ये बहुतेकांना उभंच राहावं लागतं, हे आईंच्या गुडघ्यांसाठी लक्षात ठेवा.

वर उतरलं की दोन सुळक्यांना जोडणारा छोटा पूल लागतो. पुलावर वारा असा येतो की बोलणं ऐकू येत नाही. मग कातळाच्या पोटात खोदलेली लिफ्ट थेट ३८४२ च्या गच्चीवर नेते. म्हणजे चढ फारसा नाही, पण गॅलऱ्या, जिने, बोगदे यांची वर्दळ बरीच. सासूबाई दर पंधरा पावलांवर थांबत होत्या आणि तेच बरोबर होतं. एका बोगद्याच्या तोंडाशी गिर्यारोहक बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या बांधून, एकमेकांना दोर लावून बर्फाच्या धारेवर उतरत होते. आम्ही खरं तर सगळ्यात जास्त वेळ तिथेच उभे होतो.

वरणभात

काचेच्या पेटीबद्दल लिहायचं राहिलं की भटकीताई!

भटकी_जमात

@वरणभात, हो की. २०१३ च्या डिसेंबरात ती सुरू झाली. भिंती, छत, जमीन सगळी काचेची आणि पायाखाली साधारण हजार मीटर पोकळी. काचेवर चरे पडू नयेत म्हणून मऊ सपाता घालायला देतात. रांग मोठी असते. आमच्याकडे मुलगी धावत गेली आणि तिचे बाबा दाराशी "मी फोटो काढतो" म्हणून थांबले.

चिंचपोकळीकर

त्यापेक्षा स्वित्झर्लंडमधल्या टिटलिसला जा. फिरती केबिन आहे, १९९२ पासूनची, जगातली पहिली. वरचं स्टेशन ३०२० मीटरवर, म्हणजे एग्वीपेक्षा आठशे मीटर कमी. आई-बाबा खुश होतील. आल्प्स तो आल्प्स, बर्फ तो बर्फ.

सह्यमित्र

@चिंचपोकळीकर, उद्या कोणी तोरण्याला जायचंय म्हटलं तर सिंहगडावर जा सांगाल का? काकांना माँ ब्लाँ बघायचा आहे. टिटलिसवरून त्यांना तो कसा दाखवणार?

चिंचपोकळीकर

सिंहगडावर पिठलं-भाकरी मिळते. मुद्दा संपला.

वैद्यबुवा

मी डॉक्टर आहे, पण धाग्यावरून कोणालाही "जा" किंवा "जाऊ नका" असं सांगणार नाही. बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांना भारतातून निघण्यापूर्वीच विचारा आणि उंचीचा आकडा सांगून विचारा. "डोंगरावर जाणार आहोत" इतकंच सांगितलं तर ते महाबळेश्वर समजून हो म्हणतील.

आता थोडी माहिती. ३८४२ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६२-६३ टक्के उरतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं, पण दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. पायी चढणाऱ्याला शरीर जुळवून घ्यायला दिवस मिळतात, रोपवेने जाणाऱ्याला मिनिटं. म्हणून वर पोहोचल्यावर धाप, हलकी चक्कर, छातीत धडधड हे धडधाकट माणसालाही होतं. डोकेदुखी-मळमळीचा जो उंचीचा आजार, तो बहुधा काही तास वर काढल्यावर डोकं वर काढतो. त्यामुळे तास-दीड तासात खाली येणाऱ्यांना तो क्वचितच गाठतो. स्टेंट बसवलेल्यांसाठी प्रश्न त्या आजाराचा नाही. कमी ऑक्सिजन, थंडी आणि जिने हे तिन्ही एकदम आल्यावर हृदयावर किती ताण पडेल, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर त्यांचे रिपोर्ट बघणाराच देऊ शकतो.

एक उपयोगी तुलना. प्रवासी विमानात केबिनचा दाब जास्तीत जास्त २४०० मीटरच्या आसपासच्या उंचीइतका ठेवलेला असतो. म्हणजे आई-बाबा मुंबईहून विमानात बसून येतील तेव्हा कित्येक तास ते जवळजवळ मधल्या स्टेशनच्या उंचीवर बसलेले असतील. २३१७ मीटरवर त्यांना नेताना फार घाबरू नका. तिथून वरच्या दीड हजार मीटरचा निर्णय मात्र वेगळा घ्या.

तीन वर्षांखालच्या मुलांना वर नेऊ नये असं तिथेही सांगतात. तुमचा सहा वर्षांचा आहे, त्याला खाली उतरताना कान दुखू नयेत म्हणून चघळायला काहीतरी द्या.

दवबिंदू

वैद्यबुवा, उंचीच्या आजारावरची डायमॉक्सची गोळी घेतली तर? आम्ही लेहला घेतली होती.

वैद्यबुवा

लेहला ३५०० मीटरवर तुम्ही झोपलात, दिवस काढलेत. इथे दुपारच्या जेवणाला खाली. इतक्या कमी वेळासाठी सहसा गरज पडत नाही. ती सल्फा गटातली गोळी आहे, ॲलर्जी असणाऱ्यांना आणि इतर औषधं चालू असणाऱ्यांना आपल्या मनाने देऊ नये.

मीठभाकर

सगळे आल्प्स आल्प्स करताहेत म्हणून सांगतो, आपल्या गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवाटच्या खांद्यावर ३९०० मीटरच्या पुढे नेतो. एग्वीपेक्षा उंच. तिथे किती मराठी आज्या साडीवर स्वेटर घालून जातात ते बघा.

दवबिंदू

@मीठभाकर, खरं आहे. पण गुलमर्ग स्वतःच २६५० मीटरवर आहे आणि माणूस तिथे आदल्या दिवशी पोहोचलेला असतो. शामोनीत एका दमात २८०० मीटर चढतात. कळसूबाई आहे १६४६. दोन कळसूबाई एकावर एक ठेवा, तरी एग्वी वर उरते.

जिनिव्हाकर

सोनचाफा ताई, तुमचाच गाववाला. मला पाहुणे आले की शामोनी ठरलेलं असतं, तेव्हा व्यवहाराचं लिहितो.

जिनिव्हाहून बसने सव्वा ते दीड तास. स्विस ट्रॅव्हल पास या रोपवेला चालत नाही, तो फ्रान्स आहे. मार्तिन्यीकडून डोंगरातली छोटी रेल्वेही येते, पण पास सीमेपर्यंतच आणि वेळ दुपटीहून जास्त. स्विस फ्रँक खिशातच राहू द्या, तिथे युरो लागतात. मोठ्यांचं एग्वीचं जाऊन-येऊन तिकीट सत्तर-ऐंशी युरोच्या घरात जातं. दोन-तीन ठिकाणी जाणार असाल तर मल्टीपास बघा, त्यात एग्वी, समोरच्या ब्रेव्हाँ डोंगराचा रोपवे, माँताँव्हेरची दातेरी चाकांची रेल्वे सगळं येतं आणि हिशेब बहुतेक वेळा त्याच्याच बाजूने लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवस आधी ठरवू नका, मुक्काम ठरवा. दोन रात्री शामोनीत राहा. हॉटेलवाले पाहुण्यांचं कार्ड देतात, त्यावर खोऱ्यातली बस आणि लोकल रेल्वे फुकट. सकाळी उठून वरच्या वेबकॅमवर नजर टाकायची. आभाळ मोकळं, वारा कमी, तर पहिल्या केबिनींपैकी एक पकडायची. उन्हाळ्यात दुपारी ढग चढतात आणि ऐंशी युरो देऊन पांढरा पडदा बघावा लागतो. वेळेचं आरक्षण उन्हाळ्यात करावंच लागतं, पण आदल्या संध्याकाळी अंदाज बघून करा. महिनाभर आधी काढून ठेवलेलं तिकीट माणसाला ढगातसुद्धा वर घेऊन जातं, कारण पैसे गेलेले असतात.

कपडे: गावात टी-शर्टचं ऊन असलं तरी वर उणे पाच-दहा असू शकतं. कानटोपी, हातमोजे, बंद बूट, गॉगल. गॉगल विसरू नका, बर्फावरची तिरीप डोळ्यांना फार लागते.

वरणभात

खाण्याचं काय? शाकाहारी असतील तर?

जिनिव्हाकर

चीज, बटाटा, ब्रेड या तिन्हींवर तिथे राज्य चालतं. राक्लेत (वितळवलेलं चीज) मागताना मांसाचे काप नकोत हे सांगा. फोंड्यूत, म्हणजे पातळ केलेल्या चीजमध्ये, वाइन असते, आई-बाबांना चालत नसेल तर क्रेप (पातळ धिरडी) उत्तम. दशम्या बांधून न्या, कोणी अडवत नाही. आणि हवाबंद पाकिटातला चिवडा वर नेलात तर पाकीट तट्ट फुगतं. मुलाला ते जरूर दाखवा, हवेचा दाब शाळेत शिकवण्याआधी समजेल.

कोकणकडा

एग्वीवरून पुढे इटलीपर्यंत छोट्या केबिन जातात त्याही घ्या. तीन-तीन केबिन जोडून हिमनदीवरून पाच किलोमीटर, थेट हेलब्रोनर शिखरापर्यंत. अर्ध्या तासात देश बदलतो.

दवबिंदू

@कोकणकडा, तीच ना जिच्यात २०१६ च्या सप्टेंबरात शंभरावर माणसं अडकली होती? केबल एकमेकींत गुंतल्या आणि तीसेक जणांनी रात्र हवेत काढली. आई-बाबांसोबत नको.

कोकणकडा

अडकली, आणि सगळी सुखरूप उतरवली. हेलिकॉप्टरने काढलं, उरलेल्यांसोबत रात्री बचावपथकाची माणसं बसून राहिली. त्या लाईनवरचा खरा मोठा अपघात १९६१ चा, जेव्हा फ्रेंच लढाऊ विमानाच्या पंखाने केबल तुटली आणि सहा जण गेले. तरी ज्येष्ठांना नको, हे मान्य. चार माणसांच्या बंद डब्यात अर्धा तास, मध्ये उतरायची सोय नाही, स्वच्छतागृह नाही. आणि वारा वाढला की ती बंदच ठेवतात.

इटलीकडूनच वर जायचं असेल तर कुरमायरजवळचा स्कायवे बघा. २०१५ चा, केबिन स्वतःभोवती फिरते, वर ३४६६ मीटर. एग्वीपेक्षा पावणेचारशे मीटर कमी आणि स्टेशन नवं असल्याने हालचाल सोपी. पण मधला माँ ब्लाँ बोगदा गेली काही वर्षं शरद ऋतूत दुरुस्तीसाठी अनेक आठवडे बंद ठेवतात. तुम्ही जूनमध्ये आहात, तेव्हा चालू असावा. टोल मात्र दणदणीत.

सोनचाफा

बापरे, किती छान माहिती. सगळ्यांचे मनापासून आभार. वैद्यबुवा, विमानाच्या केबिनचं वाचून आईला लगेच फोन केला. ती मधल्या स्टेशनपर्यंत यायला तयार आहे!

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. बाबा बीएआरसीतून (भाभा अणुसंशोधन केंद्रातून) निवृत्त झाले. आमचं लहानपण अणुशक्तीनगरात गेलं. त्यांना माँ ब्लाँ बघायचा आहे तो शिखर म्हणून नव्हे, होमी भाभांसाठी. भाभांचं विमान याच डोंगरावर आदळलं होतं. ते नोकरीला लागले तेव्हा भाभा जाऊन काही वर्षं झाली होती, पण त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसं बाबांचे वरिष्ठ होती. म्हणून मला "दुसरीकडे जाऊ" असं म्हणवत नाहीये.

सह्यमित्र

हे आधी सांगायचं ना ताई. मी अजून जोरात "न्या" म्हटलं असतं.

अणुरेणू

इतके दिवस वाचनमात्र होतो, यासाठी लिहितो.

२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरुतमार्गे जिनिव्हाला उतरायच्या बेतात होतं. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते. विमान माँ ब्लाँच्या माथ्याजवळ आदळलं, ११७ जण गेले. त्याच डोंगरावर ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' पडलं होतं, त्यात ४८ माणसं होती. दोन्ही विमानं जिनिव्हाच्या वाटेवर.

ट्रॉम्बेच्या संस्थेला भाभांचं नाव मिळालं ते नंतरच्या वर्षी, १९६७ च्या जानेवारीत. काकांना हे सगळं पाठ असेल.

मीठभाकर

ते घातपाताचं प्रकरण होतं ना? कुठेतरी वाचलंय.

अणुरेणू

@मीठभाकर, तसं लिहिणारे बरेच आहेत. फ्रेंच चौकशीत निघालेलं कारण असं: विमानातलं दिशा दाखवणारं एक यंत्र बंद होतं, वैमानिकाला वाटलं की आपण माँ ब्लाँ ओलांडला आहे, आणि खालच्या नियंत्रकाने जागेची दुरुस्ती सांगितली ती त्याला नीट उमगली नाही. तो उतरू लागला. मला यापलीकडे कशाला पुरावा दिसलेला नाही. ११७ घरांची माणसं होती ती, त्यांच्यावर रहस्यकथा रचलेल्या मला सोसत नाहीत.

सोनचाफा, मुद्द्याचं सांगतो. विमान आदळलं ती जागा माथ्याजवळच्या खडकांची, दुसऱ्या अंगाला. एग्वीवरून माँ ब्लाँचा घुमट समोर दिसतो, पण ती जागा दिसेल असं मनात धरून नेऊ नका. जे दिसतं आणि जे बघण्यासारखं आहे, ते बोसोंची हिमनदी. माथ्याखालून सुटून ती पार झाडीपर्यंत खाली उतरते. वर बर्फात गाडलं गेलेलं सामान हिमनदी दशकानुदशकं वाहून खाली आणते आहे. २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली मिळाली, ती पॅरिसच्या भारतीय दूतावासाकडे गेली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू-माणकांची डबी मिळाली, त्याने ती पोलिसांत जमा केली. २०२० मध्ये वितळत्या बर्फातून जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं निघाली, मथळा इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याचा. अक्षरं वाचता येत होती.

आणि बोसों अख्खी, उगमापासून शेपटापर्यंत, कुठून दिसते माहीत आहे? एग्वीवरून नव्हे. खोऱ्याच्या समोरच्या बाजूच्या ब्रेव्हाँवरून.

जिनिव्हाकर

अणुरेणू, शंभर टक्के! हे माझ्या डोक्यात आधी का आलं नाही. एग्वीवर तुम्ही डोंगरात असता, ब्रेव्हाँवर डोंगर तुमच्या समोर असतो. ब्रेव्हाँ २५२५ मीटर. गावातून गोंडोलाने प्लाँप्रा, २००० मीटर, तिथून मोठी केबिन वर. उतरलं की थोडंसं चालून गच्ची. माँ ब्लाँ, बोसों, एग्वीचा सुळका, सगळं एका ओळीत. तिकीट स्वस्त, गर्दी कमी, आणि गोंडोलात बसायला मिळतं.

फक्त गावातून गोंडोलाच्या स्टेशनपर्यंतचा रस्ता चांगलाच चढाचा आहे. आईंच्या गुडघ्यांची परीक्षा तिथेच होईल, वर नाही. बस किंवा टॅक्सी करा. आणि सकाळी लवकर गेलात तर सूर्य डाव्या हाताने समोरून येतो, दुपारनंतर हिमनदीवर उजेड छान पडतो. ढगांचा विचार करता साडेदहा-अकरा मधलं धरा.

वैद्यबुवा

२५२५ म्हणजे विमानाच्या केबिनहून थोडंच वर. मला हा बेत फार आवडला. तरीही डॉक्टरांना विचाराच.

भटकी_जमात

मला मात्र थोडी हुरहूर वाटते. एग्वीवरचं ते एकदम उंचावर असणं ब्रेव्हाँवर नाही. काकांच्या डॉक्टरांनी होकार दिला तर दोन्ही करा. पहिल्या दिवशी ब्रेव्हाँ, दुसऱ्या दिवशी एग्वी. मधे एक रात्र हजार मीटरवर झोपल्याने फार फरक पडत नसला तरी पहिल्या दिवशी ते कसे चालतात, कितपत धाप लागते ते तुमच्या डोळ्यांनी दिसेल. आईंसाठी प्लाँ द लेग्वीच्या पठारावर बाकं आहेत, चहा-कॉफी आहे. त्या तिथे बसतील, नातू परत येईपर्यंत.

चिंचपोकळीकर

मी टिटलिस मागे घेतो. काकांना माझा नमस्कार सांगा. माझे काका तुर्भ्याच्या कार्यशाळेत फिटर होते, घरात भाभांचा फोटो देवांच्या शेजारी असायचा.

सोनचाफा

काल रात्री बाबांना धागा वाचून दाखवला. बोसोंबद्दल त्यांना माहीत होतं, वर्तमानपत्रांचं माहीत नव्हतं. ते बराच वेळ त्याच्याबद्दलच विचारत राहिले, कुठलं वर्तमानपत्र, कोणत्या तारखेचं. एग्वीबद्दल म्हणाले, "डॉक्टर नाही म्हणाले तर मी हट्ट करणार नाही. ब्रेव्हाँ मात्र नक्की."

तर बेत असा. शामोनीत दोन रात्री, तीन दिवस हाताशी. आभाळ मोकळं मिळेल त्या पहिल्या सकाळी सगळे मिळून ब्रेव्हाँ. दुसऱ्या मोकळ्या सकाळी मी, नवरा आणि मुलगा एग्वीवर, आई प्लाँ द लेग्वीला, आणि बाबा कुठपर्यंत ते पुढच्या आठवड्यात त्यांचे डॉक्टर सांगतील. ढग असले तर माँताँव्हेरची रेल्वे आणि हिमनदी. मल्टीपास तिथे गेल्यावर, अंदाज बघूनच काढणार.

एक शेवटचा प्रश्न. आई-बाबांचा व्हिसा स्विस दूतावासाने दिलेला आहे. फ्रान्समध्ये जाताना वेगळं काही लागेल का?

जिनिव्हाकर

वेगळा व्हिसा नको, शेंगेन एकच. पण पासपोर्ट मूळ न्या, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो नको. बस सीमेवर कधी कधी थांबवतात आणि आत येऊन तपासतात. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या, प्रवास विम्याचा कागद पासपोर्टसोबतच ठेवा. विम्यात डोंगरावरची हेलिकॉप्टर सुटका येते का तेवढं विचारून घ्या.

कोकणकडा

आणि ब्रेव्हाँचा उन्हाळी मोसम जूनच्या मध्याला सुरू होतो, तारीख दर वर्षी थोडी पुढेमागे होते. हॉटेल पक्कं करण्याआधी तेवढं बघा.